सेवेला माणसं आहेत, जागा हव्यात

दरवर्षी एप्रिल उजाडला की महाराष्ट्रातल्या रक्तपेढ्यांची आवाहनं सुरू होतात. साठा घटलाय, रक्तदान करा. मे महिन्यात तर ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलायची वेळ येते. थॅलेसेमिया असलेल्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यावंच लागतं. त्यांचे आईवडील या काळात एका रक्तपेढीतून दुसरीकडे हेलपाटे घालत असतात. जानेवारीत आनंदानं रक्त देणारा माणूस मे महिन्यात आपमतलबी होतो का? अजिबात नाही. महाविद्यालयांच्या परीक्षा संपतात, मुलं गावी जातात, कारखान्या-कचेऱ्यांतले लोक सुट्टीवर असतात, आणि शिबिरं भरत नाहीत, एवढंच घडतं. रक्तदाता तोच असतो, त्याची तयारीही तीच असते. पण त्याच्या दारात खाटा मांडून "या, बसा, हात पुढे करा" म्हणणारं कुणी नसतं. जानेवारीचं रक्त मे महिन्यासाठी ठेवून देता येत नाही, कारण लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. म्हणून शिबिरांत खंड पडला की रुग्णालयात लगेच जाणवतो.

याच रक्ताची थोडी जुनी गोष्टही सांगायला हवी. १९९०च्या दशकापर्यंत आपल्या देशात पैसे घेऊन रक्त विकणारे लोक सर्रास होते. त्यातून रोग पसरत. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं हा व्यवहार बंद करायला सांगितलं आणि १ जानेवारी १९९८पासून धंदेवाईक रक्तदानावर बंदी आली. पैसे नाहीत म्हटल्यावर रक्त देणार कोण, अशी भीती तेव्हा अनेकांना वाटली होती. आज महाराष्ट्रात जमा होणाऱ्या रक्ताचा फार मोठा वाटा स्वेच्छेनं देणाऱ्यांचा आहे. लोकांचा स्वभाव काही एका रात्रीत पालटला नव्हता. गणेशोत्सव मंडळं, महाविद्यालयं, कामगार संघटना, मंदिरांचे विश्वस्त, पुढाऱ्यांचे वाढदिवस साजरे करणारे कार्यकर्ते, अशा सगळ्यांनी शिबिरं भरवायला सुरुवात केली. संधी दारात आली आणि माणसं पुढे झाली.

राष्ट्रीय सेवेचा, स्वयंसेवेचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं पटकन मनोवृत्तीवर घसरतं. तरुणांना समाजाचं काही पडलेलं नाही, सगळे मोबाइलमध्ये गुंतलेत, पूर्वीची ध्येयवादी पिढी आता राहिली नाही. मला हे निदान चुकीचं वाटतं, आणि चुकीच्या निदानामुळे उपायही चुकतात. मग आवाहनं निघतात, शपथा होतात, फलक लागतात, आणि ज्या मुलीला खरोखर काही करायचं असतं तिला कुणाकडे जायचं, किती वाजता जायचं, जाऊन काय करायचं हे शेवटपर्यंत कळत नाही. सेवेची इच्छा समाजात भरपूर आहे. कमतरता आहे ती नीट आखलेल्या कामाची आणि ते काम हातात देणाऱ्या माणसाची.

आपल्या देशात हा विचार स्वातंत्र्यानंतर लगेच सुरू झाला होता. राधाकृष्णन आयोगानं विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक राष्ट्रसेवेची शिफारस केली. पुढे १९५९ साली केंद्र सरकारनं एक समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद चिंतामणराव देशमुखांकडे दिलं. महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर असलेले आणि मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे सी. डी. देशमुख तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांच्या समितीनं फार मोठी उडी सुचवली. माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकानं आधी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रसेवा करावी. त्यात थोडं लष्करी शिक्षण, थोडी समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण असावं. शिफारस मान्य झाली नाही. खर्च झेपणारा नव्हता आणि इतक्या मुलांना वर्षभर गुंतवून ठेवणारी यंत्रणा उभी करणंही कठीण होतं. शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी १९६० साली वेगवेगळ्या देशांतल्या अशा योजनांचा अभ्यास केला आणि सेवा ऐच्छिक असावी याच बाजूनं कौल दिला.

सक्तीचा अनुभव देशाला लवकरच मिळाला, तोही दुसऱ्या वाटेनं. चीनबरोबरच्या युद्धानंतर, १९६३ साली महाविद्यालयातल्या मुलांना एन.सी.सी. सक्तीची झाली. एकदम लाखो मुलं परेडला उभी राहिली. पण त्यांना शिकवायला पुरेसे प्रशिक्षक नव्हते, गणवेश अपुरे होते, आणि मनाविरुद्ध आलेल्या मुलांच्या गर्दीत आवडीनं आलेली मुलंही कंटाळली. १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. सक्तीनं मैदानं भरता आली, शिकवणारे हात मात्र वाढवता आले नाहीत. आजही अधूनमधून "प्रत्येक तरुणाला एक वर्ष सक्तीनं गावात पाठवा" अशी मागणी होते, तेव्हा मला ही पाच वर्षं आठवतात. नायजेरियानं यादवी युद्धानंतर १९७३ साली पदवीधरांना एक वर्षाची सेवा सक्तीची केली आणि ती अजून चालू आहे, हे खरं. पण फुटीच्या उंबरठ्यावरून परतलेल्या देशाची निकड वेगळी होती.

एन.सी.सी.ची सक्ती सुटण्याच्या याच काळात, एन.सी.सी. नको असलेल्या विद्यार्थ्यांसाठी दुसरा पर्याय म्हणून राष्ट्रीय सेवा योजना आखली गेली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, तेव्हाचे शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी तिचा प्रारंभ केला. सुरुवातीला ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. आज ही संख्या ४० लाखांच्या घरात आहे. पन्नास-पंचावन्न वर्षांत शंभरपट वाढ ही मोठी कामगिरी आहे. पण देशात उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थीच चार कोटींहून जास्त आहेत, आणि योजनेच्या आकड्यात अकरावी-बारावीची मुलंही धरलेली आहेत. म्हणजे महाविद्यालयातल्या दहा मुलांमागे एकालाही ही संधी मिळत नाही. कित्येक महाविद्यालयांत नावं द्यायला आलेल्या मुलांना "जागा भरल्या" म्हणून परत पाठवतात.

जागा भरतात, कारण त्या मोजक्याच असतात. योजनेचं एक एकक साधारण शंभर स्वयंसेवकांचं असतं आणि त्यामागे एक कार्यक्रम अधिकारी. हा अधिकारी म्हणजे त्याच महाविद्यालयातला एखादा प्राध्यापक किंवा प्राध्यापिका, आपले तास सांभाळून हे काम करणारी. प्रत्येक स्वयंसेवकानं वर्षाला १२० तास द्यायचे, असं दोन वर्षं. त्यातले २० तास ओळख आणि तयारीसाठी, बाकीचे महाविद्यालयाच्या आवारात आणि वस्तीत प्रत्यक्ष कामासाठी. शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर, ज्यात दरवर्षी एककातली निम्मी मुलं जातात. आता हिशेब करा. शंभर मुलांचे १२० तास म्हणजे वर्षाला १२ हजार तास. एवढ्या तासांसाठी कामं शोधायची, गावाशी बोलायचं, ग्रामपंचायतीचं पत्र आणायचं, टिकाव-फावडी मिळवायची, मुलींच्या पालकांना समजवायचं, जेवणाचा हिशेब ठेवायचा, अहवाल लिहायचा, आणि हे सगळं एका शिक्षकानं, नाममात्र मानधनावर. या माणसाला हुरूप असला तर महाविद्यालयाचं आणि गावाचंही रूप पालटतं. त्याच्या गळ्यात हे काम नुसतं घातलेलं असलं तर शिबिर वहीतच पार पडतं. राष्ट्रीय सेवा वाढवायची म्हणजे सगळ्यात आधी कार्यक्रम अधिकारी वाढवायचे, त्यांचे तास कमी करायचे आणि त्यांच्या बढतीत या कामाला वजन द्यायचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चांगल्या शिबिराचा एक दिवस जवळून पाहावा. मुक्काम बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत. पहाटे साडेपाचला उठायचं, बोअरच्या गार पाण्यानं तोंड धुवायचं, प्रार्थना, चहा, आणि सातच्या सुमाराला घमेली-फावडी घेऊन ओढ्यावर. समजा, वनराई बंधारा बांधायचा आहे. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती आठवडाभर आधीच गोळा केलेली असतात. ओढ्याचं पात्र अरुंद आणि दोन्ही काठ उंच आहेत अशी जागा ग्रामस्थांनी दाखवून दिलेली असते. एक गट ओढ्यातलीच वाळू-माती पोत्यांत भरतो. पोतं काठोकाठ भरायचं नसतं. थोडं मोकळं ठेवलं तर ते रचताना दबून नीट बसतं आणि फटी राहत नाहीत. दुसरा गट दाभण-सुतळीनं तोंडं शिवतो. तिसरा साखळी करून पोती पुढे सरकवतो. तळाला रुंद आणि वर निमुळती अशी रास रचायची, वरचं पोतं खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर आलं पाहिजे, मधल्या फटींत माती टाकून पायांनी तुडवायची. पहिल्या तासात शहरातल्या मुलांच्या तळहातांना फोड येतात. दहा-अकराच्या सुमाराला पाणी चढायला लागतं, बोटभर, मग वीतभर, आणि गावातली म्हातारी माणसं काठावर येऊन उभी राहतात. संध्याकाळपर्यंत अडलेलं पाणी मागे लांबवर पसरतं. त्यावर शेजारच्या विहिरींना आधार मिळतो, हरभऱ्याला एखादं जास्तीचं पाणी देता येतं, गुरांची सोय होते. पुढच्या पावसाळ्यात पहिल्या मोठ्या पुरात हा बंधारा वाहून जातो. तो एका हंगामासाठीच असतो. खर्च जवळपास काहीच नाही आणि लागतात ती फक्त माणसं, म्हणून स्वयंसेवकांसाठी त्याच्याइतकं योग्य काम दुसरं नाही.

पण यात एक मेख आहे. वनराई बंधारा पाऊस संपल्यावर, ओढा वाहता असतानाच घालावा लागतो, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे. महाविद्यालयांची शिबिरं मात्र पहिल्या सत्राच्या परीक्षा आटोपून डिसेंबर-जानेवारीत होतात. तोवर अनेक ओढे आटलेले असतात. पन्नास सशक्त तरुण गावात येतात आणि त्यांच्यासाठी पाण्याचं काम उरत नाही. मग शाळेच्या भिंती रंगवणं, देवळाचा परिसर झाडणं, प्रभातफेरी, यांवर आठवडा निघतो. भिंती रंगवायला माझी हरकत नाही. पण मुलं इतक्या लांबून आलेली असताना गावाची खरी गरज ओढ्यात होती, आणि ती दीड महिन्याच्या वेळापत्रकापायी राहून गेली, याची खंत वाटते. शिबिराची तारीख परीक्षा मंडळाबरोबर गावालाही विचारून ठरली तर त्याच मुलांच्या त्याच घामाचं मोल कितीतरी वाढेल. डिसेंबरलाच शिबिर ठेवणं भाग असेल तर डोंगरउतारावर सलग समतल चर खणावेत. समान उंचीची रेषा आखून साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल चर काढायचा, माती उताराच्या बाजूला टाकायची. हे काम कोरड्या दिवसांतलंच आहे आणि पुढच्या पावसात आपलं फळ दाखवतं.

शिबिराची दुपार वेगळ्या कामाची असते. जेवण झाल्यावर गटागटानं घरोघरी पाहणी, संध्याकाळी कुणाचं तरी व्याख्यान, रात्री गावासमोर पथनाट्य किंवा भारूड. कितीतरी मुलींना आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर सात रात्री राहायला मिळतं ते याच शिबिरात. त्यासाठी घरच्यांची परवानगी मिळते ती भाषणानं नाही. सोबत बाई आहेत का, शाळेत मुलींसाठी नीट स्वच्छतागृह आहे का, रात्री खोलीला कडी लागते का, हे आई विचारते आणि तिनं विचारलंच पाहिजे. या तीन प्रश्नांची चांगली उत्तरं ज्या महाविद्यालयांकडे असतात तिथे मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त भरलेली दिसते.

आता गुणांबद्दल. अनेक विद्यापीठांत या योजनेतल्या विद्यार्थ्यांना दहा गुणांची सवलत मिळत आली आहे आणि आता नव्या अभ्यासक्रमात श्रेयांकही मिळू लागलेत. "मुलं गुणांसाठी येतात" अशी तक्रार मी प्राध्यापकांकडून ऐकली आहे. येऊ देत की. कुणी गुणांसाठी येतो, कुणी मैत्रिणीसोबत, कुणी घरातल्या कटकटीपासून आठवडाभर सुटका म्हणून. माणूस कशासाठी आला याला फार महत्त्व देऊ नये. त्याला काय काम मिळालं आणि पुन्हा यावंसं वाटलं का, हे पाहावं. गुणांसाठी आलेला मुलगा ओढ्यात पाणी चढताना पाहतो तेव्हा त्याच्या डोक्यात गुण नसतात.

आणि नुसत्या ओढीनं येणारेही पुष्कळ असतात. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यातल्या सोमनाथ इथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली ती मे महिन्यात, विदर्भाच्या ऐन उन्हाळ्यात. तिथे ना गुण, ना पैसे. पहाटे उठून कुदळ चालवायची, दुपारी विचारवंतांशी वाद घालायचा. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून पिढ्यान्‌पिढ्या तरुण तिथे गेले आणि त्यांतले कितीतरी पुढे सामाजिक कामात मुरले. त्याआधी १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली, एस. एम. जोशींसारखा दलप्रमुख त्याला मिळाला आणि त्याची सेवापथकं खेड्यापाड्यांत राबली. या दोन्ही ठिकाणी मुलांना हाक मारून थांबलं नव्हतं कुणी. दिवसाचा कार्यक्रम, राहण्याची जागा, कामाची आखणी आणि सोबत राबणारा वडीलधारा माणूस, हे सगळं आधी तयार होतं.

तयारीचं महत्त्व आपल्याकडे सगळ्यात ठसठशीत दिसलं ते पाणी फाउंडेशनच्या 'सत्यमेव जयते वॉटर कप' स्पर्धेत. २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत ती सुरू झाली, दोन वर्षांत ७५ तालुक्यांपर्यंत पोचली. ४५ दिवस, ऐन उन्हाळ्यात, गावंच्या गावं श्रमदानाला उतरली. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं. टीव्हीवर आपण पाहिली ती हजारोंची गर्दी. त्या गर्दीच्या कितीतरी आधी प्रत्येक गावातले मोजके बायका-पुरुष काही दिवस प्रशिक्षणाला गेले होते. माथ्यापासून पायथ्याकडे काम का करायचं, समान उंचीच्या रेषा कशा आखायच्या, कुठे चर आणि कुठे शेततळं, हे शिकून ते गावात परतले. सकाळी सहाला माणसं डोंगरावर पोचत तेव्हा चुन्याच्या फक्क्या आधीच मारलेल्या असत. आलेल्या माणसाला पाच मिनिटंही ताटकळावं लागत नसे. स्पर्धेतल्या कामांच्या टिकाऊपणाबद्दल, आणि मोठं काम शेवटी यंत्रांनीच झालं याबद्दल, जाणकारांनी प्रश्न विचारलेत आणि ते रास्त आहेत. श्रमदान कसं उभं करावं याचा धडा म्हणून मात्र ही स्पर्धा प्रत्येक कार्यक्रम अधिकाऱ्यानं अभ्यासावी.

सेवा म्हणजे माती उपसणं असा एक समज या सगळ्यामुळे होऊ शकतो, म्हणून वेगळ्या जातीचं एक उदाहरण. 'असर' नावाची शिक्षणाची पाहणी २००५ साली 'प्रथम' संस्थेच्या पुढाकारानं सुरू झाली. ग्रामीण भागातली मुलं शाळेत जातात का, आणि गेली तर त्यांना वाचता येतं का, एवढेच साधे प्रश्न. जिल्ह्यातली ३० गावं आणि प्रत्येक गावातली २० घरं, असा नमुना. पाहणी करतात ती स्थानिक महाविद्यालयांतली, अध्यापक विद्यालयांतली, संस्थांतली साधी मुलं-मुली. त्यांना आधी प्रशिक्षण मिळतं आणि मग शनिवार-रविवारी दोघांची जोडी गावात जाते. घराच्या ओट्यावर मुलाशेजारी बसायचं, त्याच्याशी चार गप्पा मारायच्या आणि एक कागद पुढे करायचा. त्यावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट छापलेली असते. सुरुवात परिच्छेदापासून. तो सहज वाचला तर गोष्ट द्यायची. अडखळला तर शब्द, शब्दही जमले नाहीत तर अक्षरं. पाचवीतल्या मुलाला गोष्ट वाचता येत नाही हे त्याच्या आईसमोर उघड होतं तेव्हा त्या पाहणी करणाऱ्या मुलीच्याही पोटात कालवतं. तिचं काम दोन दिवसांचं. पण देशभरातून अशा हजारो मुलांनी गोळा केलेल्या आकड्यांनी आपल्या शिक्षणाची चर्चा पटसंख्येवरून वाचता येण्याकडे वळवली. काम नेमकं असेल, शिकवून दिलेलं असेल आणि त्याचा शेवट कधी आहे हे ठाऊक असेल, तर दोन दिवसांची सेवाही देशाच्या उपयोगी पडते.

उलट बाजूही महाराष्ट्रानं पाहिली आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. गावानं ठरवायचं, शिक्षकांनी आणि शिकलेल्या गावकऱ्यांनी निरक्षर प्रौढांना शिकवायचं आणि सगळं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ करायचा. मोहीम पुढे राज्यभर गेली, लाखो लोक अक्षरं गिरवायला बसले. पण समारंभानंतर वाचायला पुस्तक नाही, सराव घ्यायला कुणी नाही. त्यामुळे शिकलेलं अनेकजण विसरले. स्वयंसेवकांनी मनापासून काम केलं होतं, त्यांच्यामागे पुढच्या वर्षाची सोय उभी राहिली नाही.

पैशाचा विषयही टाळून चालणार नाही. अमेरिकेत हा प्रयोग आपल्याहून बऱ्याच मोठ्या खर्चानं झाला आहे. अध्यक्ष केनेडींनी १९६१ साली परदेशात जाणाऱ्या तरुणांसाठी 'पीस कोअर' सुरू केलं. देशातल्या सेवेसाठी क्लिंटन यांच्या काळात १९९३च्या कायद्यानं 'अमेरिकोअर' आलं. तिथला स्वयंसेवक वर्षभर पूर्णवेळ शाळेत, आपत्तीग्रस्त भागात किंवा वस्तीत काम करतो. त्याला पोटापुरता भत्ता मिळतो आणि मुदत संपल्यावर शिक्षणाच्या खर्चासाठी ठरावीक रक्कम मिळते. २००९च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली. वर्षाला ७५ हजार जागा होत्या, त्या २०१७पर्यंत अडीच लाख करायच्या असं त्यात लिहिलं होतं. तरुणांनी अर्जांचा पाऊस पाडला. काही वर्षी अर्ज उपलब्ध जागांच्या कितीतरी पट आले. पण संसदेनं त्या प्रमाणात निधी दिला नाही आणि जागा ऐंशी हजारांच्या आसपासच घोटाळत राहिल्या. पुढे एप्रिल २०२५ मध्ये सरकारनं सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदानं एकदम थांबवली आणि शाळांत, वस्त्यांत काम करणारी हजारो मुलं वर्षाच्या मध्यात घरी गेली. कायद्यात आकडा होता, अर्जांत माणसं होती, अर्थसंकल्पात तरतूद नव्हती.

आपल्याकडे या बाबतीत आणखी एक अडचण आहे. घरची परिस्थिती बेताची असलेला मुलगा संध्याकाळी दुकानात उभा राहतो किंवा दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचवतो. त्याला सात दिवसांचं शिबिर म्हणजे सात दिवसांचा पगार बुडणं. नेहरू युवा केंद्र संघटनेच्या योजनेत राष्ट्रीय युवा स्वयंसेवकांना महिन्याला ५,००० रुपये मानधन ठरलं होतं. आपल्या घरी राहून काम करणाऱ्यालाच ते पुरेल. दुसऱ्या तालुक्यात खोली घेऊन राहायचं म्हटलं तर भाड्यातच संपेल. पदवीनंतर एक-दोन वर्षं देऊ इच्छिणाऱ्यांसाठी 'टीच फॉर इंडिया', 'गांधी फेलोशिप', डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'मधून चालणारा 'निर्माण' उपक्रम, अशा चांगल्या वाटा आहेत. पण त्यांत जागा शेकड्यांत असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रानं 'मेरा युवा भारत' हे व्यासपीठ सुरू केलं, त्यावर तरुणांची नावनोंदणी होते. नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी घराजवळचं, नेमकं काम मिळालं, तर त्या नोंदणीचा उपयोग झाला म्हणता येईल.

आणि सेवा फक्त विशीतल्यांनी का करावी? चाळिशीतला बँकेतला कर्मचारी, साठीची निवृत्त शिक्षिका, पंप दुरुस्त करणारा मेकॅनिक, यांच्यासाठी आपल्याकडे फारच थोड्या वाटा आहेत. होमगार्ड हे संघटन १९४६ साली मुंबई प्रांतातच जन्माला आलं, नागरिकांनीच अडीअडचणीला पोलिसांच्या मदतीला यावं म्हणून. अलीकडची चांगली योजना म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'आपदा मित्र'. आधी ३० पूरप्रवण जिल्ह्यांत ६ हजार जणांना तयार केलं गेलं, मग ३५० जिल्ह्यांत एक लाख जणांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. बारा दिवसांचं प्रशिक्षण, त्यात शोध आणि बचाव, प्रथमोपचार, छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवणं, आणि सोबत साहित्याची पिशवी. २०१९ साली कृष्णा-पंचगंगेला पूर आला तेव्हा मदतीला धावलेल्या माणसांची सांगली-कोल्हापुरात वाण नव्हती. होड्या चालवू शकणारे, पोहणाऱ्याला दोर कसा टाकावा हे जाणणारे लोक कमी होते. पूर येण्याच्या दोन वर्षं आधी शिकलेला माणूसच पुरात कामाला येतो.

सोय करायची जबाबदारी सरकारची आणि महाविद्यालयांची आहे, पण वाचकाच्या हातातही काही गोष्टी आहेत. आपल्या गावात शिबिर हवं असेल तर ग्रामपंचायतीनं त्याचा ठराव करून जवळच्या महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला पत्र द्यावं. पत्रात काम स्पष्ट लिहावं: कोणता ओढा, किती पोती जमवलीत, राहायची खोली कोणती, मुलींसाठी सोय काय. शहरात राहत असाल तर त्याच अधिकाऱ्याला भेटून आपल्याला काय येतं ते सांगा. लेव्हल कशी घ्यायची, रक्तगट कसा तपासतात, हिशेब कसा लिहितात, पहिलीच्या मुलाला वाचायला कसं शिकवतात, यांतलं एक जरी तुम्हाला येत असेल तर त्यांना तुमची गरज आहे. रक्त द्यायचं असेल तर पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी देता येतं. त्यातली एक पाळी एप्रिल-मे महिन्यासाठी राखून ठेवा. आणि गावाचं पत्र दिवाळीनंतर देऊ नका. महाविद्यालयं वर्षाचं वेळापत्रक जून-जुलैतच ठरवतात, तेव्हा ते पावसाळ्याच्या तोंडालाच पोचवा.